दहाव्यापासून

संपादिकेने पुस्तकांची चळत टेबलावर आडवी पाडली आणि एकेक प्रत बोटाने पुढे सरकवत ओळ लावली. वीसेक पुस्तकं होती. काहींचे कोपरे दुमडलेले, काहींच्या पाठीचा रंग उडालेला. ओळ पुरी झाल्यावर तिने मधलं एक उचललं आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवलं.

"नव्या वाचकाने इथून सुरुवात करावी," ती म्हणाली. "माझं तरी ठाम मत आहे."

ते 'मिठाचा चंद्र' होतं. मालिकेतलं दहावं.

"म्हणजे दहाव्या मजल्यावरून घरात शिरायचं?" प्रकाशक हसले.

"खालच्या मजल्यांवर जरा अंधारच आहे, सर," ती बोलून गेली आणि जीभ चावून लेखकाकडे पाहू लागली.

लेखक म्हणजे दादा. तो खुर्चीत मागे रेलून बसला होता. त्याच्या पांढऱ्या दाढीचा फोटो प्रत्येक पुस्तकाच्या मागे होता, आणि खोलीतले सगळे त्या फोटोशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत. त्याने हात किंचित उचलून 'चालू द्या' अशी खूण केली. शेजारी, भिंतीला खुर्ची टेकवून, त्याची बहीण मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. साठी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून ती निवृत्त झाली होती आणि दादा जिथे जाई तिथे त्याच्याबरोबर जाई. लोकांना वाटे, दादाची दृष्टी अधू झाली आहे, म्हणून सोबत.

"मी हे आईच्या उशाशी बसून वाचलं," संपादिका आता हळू आवाजात बोलत होती. "दवाखान्यात. त्यातली ती पाण्याच्या टाक्यांवर काम करणारी बाई, आईला भरवताना प्रत्येक चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून बघते. चंद्रावरून सुटणारं शेवटचं जहाज समोर उभं आहे, आणि ही चमचा ओठाला लावतेय. सर, हे तुम्हाला सुचलं कुठून?"

दादाने दाढीवरून हात फिरवला.

"निरीक्षण," तो म्हणाला. "लेखकाला डोळे उघडे ठेवावे लागतात."

धाकटीने पिशवीची चेन ओढून बंद केली. मग उघडली. मग पुन्हा बंद केली.

ठरलं ते असं. सगळी पुस्तकं एकसारख्या वेष्टनात, पाठीवर क्रमांक घालून, नव्याने काढायची. इतकी पुस्तकं बघून नवा वाचक बिचकतो, म्हणून प्रत्येकाच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर 'कुठून सुरुवात करावी' एवढा मजकूर लेखकाच्याच शब्दांत छापायचा. आणि तो मजकूर उगाच न लिहिता, ग्रंथालयाच्या सभागृहात वाचकांना बोलावून त्यांना आधी भांडू द्यायचं. शेवटी लेखक निकाल देईल. प्रकाशकांना ही कल्पना फार आवडली. भांडणाला गर्दी जमते, असं ते म्हणाले.

*

खरी गोष्ट घरातल्या तिघांना ठाऊक होती.

सुरुवातीची पुस्तकं दादाने एकट्याने लिहिली. तेव्हा तो एका जहाज कंपनीच्या कचेरीत होता. दिवसभर कुठलं जहाज कधी लागलं, कधी सुटलं ते टिपायचा आणि घरी येऊन तीच जहाजं ताऱ्यांमध्ये सोडायचा. दोन सूर्यांच्या मधल्या काळोखात टांगलेलं एक बंदर, तिथे घटकाभर थांबणारी जहाजं, तिथून पुढे कधीच न गेलेली माणसं. ही सगळी सृष्टी त्याची. त्याबद्दल धाकटीने मनातसुद्धा कधी वाद घातला नव्हता. पहिलं पुस्तक, 'भरती नसलेलं बंदर', तिने हस्तलिखितातच वाचलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली असताना, गच्चीच्या जिन्यात बसून.

नवव्या पुस्तकाशी घोडं पेंड खाऊ लागलं. दादा सकाळी टेबलाशी बसायचा आणि दुपारी पेन्सिलींना टोकं काढून उठायचा. धाकटी तोवर त्याला फक्त विज्ञान तपासून द्यायची: हा वेग जमतो का, इतक्या लांबून निरोप पोचायला किती काळ लागेल. एके दिवशी तिने न विचारता उरलेली प्रकरणं लिहिली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. दादाने वाचली, दोन विशेषणं बदलली आणि छापायला धाडली. दोघांपैकी कुणीच त्यावर बोललं नाही. दहावं पुस्तक तिने पहिल्या ओळीपासून लिहिलं, तेव्हा त्याने विशेषणंही बदलली नाहीत.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. दादाची व्याख्यानं गावोगाव लागली होती, वहिनी त्याच्याबरोबर असायची, आणि आईला भरवायला घरात धाकटी होती. चमचा ओठाला लावून बघायची सवय तिला तेव्हाच लागली. अजूनही कधीकधी स्वतःचा चहा पिताना ती तसं करी आणि मग चपापून इकडेतिकडे पाही.

नावाचं तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. दादाचं नाव चालणारं होतं. शिवाय भावाच्या घरात राहून भावाच्या अंगणात एखादं रोप लावावं, तसंच ते होतं. रोपाचं झाड झालं, झाडाखाली लोक येऊन बसू लागले, दादा त्यांना झाडाबद्दल सांगू लागला. सांगता सांगता आपणच ते लावलं असं त्यालाही वाटू लागलं. अलीकडे तर तो पाहुण्यांसमोर, तिच्याच तोंडावर म्हणे, "सुचतं मला, पण बसवत नाही. ही बिचारी उतरवून काढते." आणि बिचारी चहा आणायला आत जाई.

*

प्रकाशकांकडून घरी आल्यावर दादा वाकून बूट काढत होता. वहिनी मटार सोलत बसली होती. धाकटीने पिशवी खुंटीला अडकवली आणि तिथेच उभी राहिली.

"दादा, नव्या संचावर माझं नाव घाल."

दादाचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "कशावर?"

"दहाव्यापासून पुढच्यांवर. तुझ्या नावाखाली. बारीक अक्षरात असलं तरी चालेल."

वहिनीने शेंग हातातच ठेवली. "आता? सगळा जन्म गेला आणि आता नावाची हौस आली होय?"

"आता सगळ्यांना नवी वेष्टनं चढणार, वहिनी. एकदा चढली की माझ्या हयातीत उतरायची नाहीत."

"अगं, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

"त्यातले निम्मे मीच बसवलेत. मोजायला कशाला हवेत, पाठ आहेत."

वहिनीने मटारांचा वाडगा उचलला आणि ती आत गेली. ती फार रागावली की भांडी हळू ठेवी. आतून एकही आवाज आला नाही.

दादाने एक बूट काढला आणि दुसरा पायात तसाच ठेवून तो सरळ बसला. दाढी सोडली तर तो थकलेला दिसत होता, कचेरीतून घरी आल्यावर पूर्वी दिसायचा तसा.

"लोकांना फसवल्यासारखं वाटेल," तो म्हणाला.

"वाटणारच. फसवलंच आहे आपण."

'आपण' हा शब्द त्याच्या लक्षात आला असावा. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "मेळाव्यात सांगतो. माझ्याच तोंडून, सगळ्यांसमोर. उद्या कुठून तरी उडत उडत कळण्यापेक्षा ते बरं."

तो इतक्या सहज कबूल होईल असं धाकटीला वाटलं नव्हतं. ती भांडायची तयारी करून आली होती. वर्गात अवघड प्रश्नाची उत्तरं आधी मनात जुळवावीत तशी तिने सगळी उत्तरं जुळवली होती. ती आता वापरावी लागणार नव्हती. तिने खाली वाकून त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

नंतरचे दिवस बरे गेले. दादा तिला दोनदा म्हणाला, "काय काय सांगू ते तूच ठरव." ती म्हणाली, "तुझं तूच सांग. तेवढं तरी तुझ्या शब्दांत असू दे." दोघंही हसले. लहानपणी एकमेकांच्या खोड्या लपवताना हसत, तसं. वहिनी मात्र हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "मला विचाराल तर पाण्यात काठी मारू नये. पण मला विचारतंय कोण?"

*

सभागृह भरलं होतं. दुपारची वेळ, पंखे घरघरत होते, ध्वनिक्षेपक मधूनच शीळ घाली आणि एक माणूस धावत जाऊन त्याला थोपटी. दादा व्यासपीठावर मधल्या खुर्चीत. धाकटी तिसऱ्या रांगेत कडेला, नेहमीच्या जागी. पण आज तिने ठेवणीतले कपडे घातले होते, आणि केस कापून घेतले होते.

संपादिकेने सूत्रं हातात घेतली आणि वाचक तुटून पडले.

रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केलेले एक गृहस्थ उठले. त्यांचं म्हणणं, कथेतला काळ जसा जातो त्या क्रमाने वाचावं. म्हणजे चौदावं आधी, कारण त्यात बंदर बांधलं जातं. "वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक," ते म्हणाले. त्यांच्यामागची एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, चौदाव्याने सुरुवात केली तर कर्णधार कोण ते आधीच कळतं, मग पुढे सगळाच आनंद." एकाने शेवटाकडून उलट वाचल्याचं सांगितलं, तो शपथेवर सांगत होता की तसंच जास्त मजेचं आहे. लोक हसत होते. दादाही हसत होता, हात उचलून एकेकाला बोलायला लावत होता. असं त्याला फार छान जमे.

मग औषधाच्या दुकानातली म्हणून ओळख करून देत एक बाई उभ्या राहिल्या. अंगाने कृश, आवाज मात्र खणखणीत.

"खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "सरांनी रागावू नये. मी गिऱ्हाइकाला औषध देते तसं सांगते. आधीची नऊ वाचूच नयेत."

सभागृहात 'अरे अरे' झालं. बाईंनी हात वर केला.

"ऐका तरी. त्या नवांमध्ये माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना माहिती देतात. बायका दाराशी उभ्या राहतात आणि जहाजं मोजतात. बंदर सुंदर आहे, कबूल. पण बंद खोलीत रंगवल्यासारखं. नवव्याच्या शेवटी शेवटी कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं, आणि दहाव्यात तर वारं येतं. हाच लेखक का, असं मला वाटलं होतं. मी माझ्या तीन मैत्रिणींना पहिलं दिलं, तिघींनी पाचपन्नास पानांत मिटलं. मग दहावं दिलं, तर परत करायला तयार नाहीत."

टाळ्या पडल्या. थोड्या नव्हे, भरपूर. गार्डसाहेबसुद्धा मान हलवत होते. कुणीतरी मागून ओरडलं, "बरोबर! पहिली नऊ म्हणजे सराव!" आणि त्यावर पुन्हा हशा.

धाकटीने टाळी वाजवली नाही. जे ऐकण्यासाठी ती इतकी वर्षं आसुसली होती ते ती ऐकत होती. तिची नजर दादावर होती. तो अजून हसत होता, पण ते हसू चेहऱ्यावरून काढायचं विसरून गेल्यासारखं होतं. त्याने पुढचा पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, परत ठेवला. ती एकदम उभी राहिली.

"पहिल्यापासून करावी सुरुवात," ती म्हणाली. हातात ध्वनिक्षेपक नव्हता. शाळेतला आवाज कामाला आला. "बंद खोली म्हणताय, पण ती खोली आधी कुणीतरी बांधली म्हणून तिला खिडकी पडली. पहिलं पुस्तक ज्याने लिहिलं त्याला बंदर दिसत होतं. दहाव्यात नुसती माणसं आहेत. बंदर पहिल्यातलंच आहे."

"या सरांच्या भगिनी," संपादिकेने हसून सांगितलं. लोकांनी कौतुकाने वळून पाहिलं. कुणीतरी तिच्यासाठीही दोन टाळ्या वाजवल्या. ती बसली.

"आता सरांनीच निकाल द्यावा," संपादिका म्हणाली.

दादा उठला. त्याने ध्वनिक्षेपक तोंडाजवळ घेतला आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. धाकटीला वाटलं, आता. तिने पायांतल्या चपला नीट केल्या, कारण कदाचित उभं राहावं लागणार होतं.

"माझी बहीण माझ्या पहिल्या पुस्तकाची बाजू घेते," दादा म्हणाला. "बहीणच ती. तिला मी शाळेत पहिला आलो होतो तेही अजून आठवतं." हशा. "पण या बाईंनी बरोबर नाडी पकडली. आज एक गोष्ट कबूल करतो. आजवर कुणाला सांगितली नाही."

मागच्या रांगांतले लोक पुढे झुकले.

"ती नऊ पुस्तकं सरावच होता. मला लिहिता येत नव्हतं. मी शिकत होतो. दहाव्या पुस्तकाच्या वेळी माझी आई गेली, आणि मला माझा आवाज सापडला. तेव्हापासून मी लेखक झालो. म्हणून म्हणतो, दहाव्यापासून सुरुवात करा. त्याआधीचा मी कुणी नाही."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. औषधाच्या दुकानातल्या बाई डोळे टिपत होत्या. धाकटीच्या शेजारचा माणूस वाकून तिला म्हणाला, "केवढा प्रामाणिकपणा हो! हल्ली असं कोण बोलतं?"

"कुणीच नाही," ती म्हणाली.

*

घरी दोघं चालत आले. वहिनी गर्दीत कुणाशी तरी बोलत मागे राहिली होती. रस्त्यावर दुकानांच्या फळ्या अर्ध्याच उघडल्या होत्या. दादा तिच्या दंडाला धरून चालत होता. पायरी आली की ती थांबे, मग तो पाय टाके.

वळणापाशी तो म्हणाला, "तू ऐकलंस ना, काय म्हणत होते?"

"ऐकलं."

"तुझं नाव सांगितलं असतं तर मला काय उरलं असतं?"

"नऊ पुस्तकं."

"ती कुणाला हवी आहेत?"

हात सोडवून घ्यावा असं तिला वाटलं, पण पुढे उंच फुटपाथ होता. तो चढून होईपर्यंत तिने दंड तसाच राहू दिला.

त्यानंतर काही दिवसांनी संपादिकेचा निरोप आला. लेखकाच्या इच्छेला मान देऊन संच दहाव्यापासूनच निघणार होता. 'मिठाचा चंद्र' च्या पाठीवर एक हा आकडा. आधीची नऊ पुस्तकं तूर्त छापायची नाहीत. दादाने फोनवर 'हरकत नाही' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तो त्यावर हात ठेवून बसून राहिला.

धाकटी दुसऱ्या दिवशी एकटीच प्रकाशकांकडे गेली. संपादिका वेष्टनाचे रंग बघत होती. निळ्यावर पांढरा चंद्र, मग काळ्यावर पांढरा चंद्र.

"पहिलं तरी छापा," धाकटी म्हणाली. "बाकीची राहू देत."

"सरांनी स्वतः सांगितल्यावर आम्ही कसं छापायचं? आणि तुमचा जिव्हाळा मी समजू शकते, मावशी. तुम्ही त्यांच्या बहीण."

"जिव्हाळ्याचा प्रश्न नाही. ते पुस्तक चांगलं आहे."

संपादिकेने रंगांचे कागद बाजूला ठेवले. मुलगी मनाची वाईट नव्हती. तिने धाकटीला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुम्हाला एक सांगू?" ती म्हणाली. "आई आजारी होती तेव्हा माझे भाऊ दाराशी येऊन विचारायचे, 'कशी आहे?' आणि जायचे. मला वाटायचं, पुरुषांना हे कळतच नाही. मग सरांचं पुस्तक हातात आलं. एका पुरुषाला तो चमचा दिसला होता. त्या आधारावर मी ते दिवस काढले. बाईने लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, तिला ठाऊक असणारच, त्यात काय."

धाकटीने पेल्यातलं पाणी हळूहळू संपवलं. सांगायचं ते जिभेच्या टोकावर होतं. समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर इतकी कृतज्ञता होती की तिथे दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

"काळं बरं दिसेल," ती उठता उठता म्हणाली. "वेष्टन. निळ्याला उजेड फार आहे."

*

त्यानंतर तिने लिहिणं थांबवलं. कुणाला सांगून नाही. सकाळी ती चहा करी, वर्तमानपत्र वाची, समोरच्या इमारतीतल्या दोन मुलांना गणित शिकवी. नव्या पुस्तकाची अर्धी पानं तिच्या खणात पडून होती. ती तिने फाडली नाहीत की पुढे नेली नाहीत. दादाने विचारलं नाही. वहिनीनेच एकदा विचारलं, "पुढचं कुठवर आलंय?"

"त्यांना विचारा, वहिनी. लेखक ते."

वहिनीने त्या दिवशीही भांडी हळू ठेवली. पण संध्याकाळी ती धाकटीच्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं गं. तुझंही गेलं आणि ह्यांचंही." आणि उत्तराची वाट न पाहता उठून गेली.

संच निघाला आणि चांगला गाजला. दादाच्या मुलाखती झाल्या. आवाज सापडल्याची गोष्ट तो आता सराईतपणे सांगे. आईच्या आजारपणाच्या गोष्टीत हळूहळू तपशील वाढत गेले, आणि त्यांतल्या एकात तर तो स्वतःच तिच्या उशाशी बसलेला होता. मुलाखत घेणारे हळहळत. धाकटी त्या वेळी शेजारच्या खोलीत मुलांचं गणित तपासत असे. चुकीच्या पायरीवर तिची पेन्सिल आपोआप थांबे.

एका दुपारी घरात कुणी आलेलं नव्हतं. दादा तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. चष्मा हातात होता.

"काय करतेस?"

"काही नाही. बस ना."

तो बसला नाही. चौकटीला टेकून, खोली बघितल्यासारखं करत राहिला.

"'भरती नसलेलं बंदर' ची प्रत आहे का गं कुठे? माझ्याकडच्या सगळ्या कुणाकुणाला दिल्या गेल्या. शेवटची छापखान्याने नेली, ती आलीच नाही. प्रकाशक म्हणतात, त्यांच्याकडेही नाही."

"कशाला हवी?"

"उगाच. वाचून बघावं म्हटलं." तो हसला. "इतकं काही वाईट नव्हतं ते, नाही का?"

कपाटात, खालच्या कप्प्यात, हिवाळ्यातल्या कपड्यांखाली एक प्रत होती. पहिल्याच दिवशी त्याने तिला आणून दिलेली. तेव्हा तो धावत आला होता, आणि बूट न काढताच घरात शिरला म्हणून आई ओरडली होती. कपाट तिच्या हातापासून लांब नव्हतं.

"माझ्याकडे नाही," ती म्हणाली.

"असं होय."

तरी तो गेला नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मग डोळे मिटून, घसा साफ करून, व्यासपीठावर बोलतो त्याहून अगदी वेगळ्या, बारीक आवाजात म्हणाला, "'जहाज लागलं तेव्हा बंदरावर कुणी नव्हतं...' अशी सुरुवात होती. पुढे काय गं? 'जहाज लागलं तेव्हा बंदरावर कुणी नव्हतं, आणि...'"

'आणि जहाजातही.' गच्चीच्या जिन्यात ते वाक्य वाचलं तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. पुस्तक मिटून ती किती तरी वेळ आभाळाकडे पाहत बसली होती. हे आपल्या दादाला सुचलं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. त्यानंतर तिने लिहिलेलं प्रत्येक पान त्या वाक्याच्या पासंगाला पुरतं का, असं ती तपासून बघे. पुरलं असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

"'आणि आकाशातही'," दादाने डोळे उघडले. चेहरा उजळला होता. "'जहाज लागलं तेव्हा बंदरावर कुणी नव्हतं, आणि आकाशातही.' असंच होतं ना?"

मुलांच्या वह्या समोर होत्या. तिने वरची वही ओढली, पान उलटलं.

"असंच होतं," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. दोनतीनदा ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि भिंतीला हात लावत लावत तो बाहेर गेला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला. तो वहिनीला ते म्हणून दाखवत होता, आणि वहिनी म्हणत होती, छान आहे की.